महिन्याचे चार दिवस

"तुमची स्वतःची पाळी कितव्या वर्षी सुरू झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चौदाव्या," दमयंती लगेच म्हणाली.

"हिच्या वेळचं बाळंतपण कुठे झालं?"

"हर्णेला, माझ्या माहेरी. ऐन पावसाळ्यात."

"त्रास झाला?"

"झाला," दमयंती म्हणाली आणि तिने पदर सारखा केला.

डॉ. आगाशे लिहीत होत्या. शेजारी वीस वर्षांची राही साखरपुड्यातली साडी नेसून बसली होती. सावर्ड्याचं स्थळ होतं, मुलगा धाकू मुंबईला गोदीत कामाला. वैशाखात लग्न. दमयंतीने पाच वर्षं काढे पाजण्यात घालवली होती. रत्नागिरीच्या या दवाखान्यात यायचा हट्ट राहीचाच. पाळी आल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही, असं तिने बजावलं होतं.

"आईला बहिणी किती?"

"एकच मावशी होती माझी," राही म्हणाली. "काशी. मी जन्मले त्याच पावसात तापाने गेली. लग्नसुद्धा व्हायचं होतं तिचं."

दमयंती खिडकीबाहेर बघत राहिली.

"आणि पाच वर्षं बाहेर कुणाला पत्ता नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "शेजारीपाजारी?"

राहीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पत्ता लागणार कसा? पंधरावं लागलं तशी दमयंतीने तिला महिन्याचे चार दिवस बाहेर बसायला शिकवलं होतं. पडवीच्या कोपऱ्यात वेगळं तरट, वेगळा तांब्या, विहिरीला हात लावायचा नाही. त्या काळी घरोघर असंच चाले. कोण बसलं आणि कोण नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक असायचं. मायलेकींनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. आधी दमयंती बसायची, मग पंधरा दिवसांनी राही. एकीने बसायचं, दुसरीने चूल सांभाळायची.

शेजारची यमुनाबाई हसायची. "तुम्हां मायलेकींचं घड्याळ भारी चोख गो. आमचं आपलं सांजच्या एस्टीसारखं. आली तर आली."

राहीला त्या चार दिवसांची लाज वाटायची. एकदा ती म्हणालीही होती, "आये, ही कसली नाटकं करायला लावतेस?" तेव्हा दमयंतीने तिच्या ताटात भात वाढला होता आणि विषय तिथेच ठेवला होता.

मुंबईहून रक्ताचा अहवाल यायला दीड महिना लागला. चैत्रात त्या दोघी पुन्हा त्याच खुर्च्यांवर येऊन बसल्या.

"राही, नीट ऐक," डॉ. आगाशे म्हणाल्या. "तुझ्या पोटात गर्भाशय नाही. जन्मापासूनच नाही. आईच्या पोटात असताना तुझ्या शरीराची घडण मुलाच्या वाटेने निघाली होती. पण मुलाचं अंग घडवणारे जे रस असतात, ते तुझ्या अंगाने मानलेच नाहीत. म्हणून तू मुलगी झालीस, मुलगीच वाढलीस. तू बाई आहेस. त्याबद्दल मनात किंतू आणू नको."

डॉक्टरीणबाईंनी अहवालाचं पान उलटलं.

"जांघेत दोन गाठी हाताला लागतात. त्या राहू दिल्या तर पुढे वय झाल्यावर कॅन्सरची भीती असते. ऑपरेशन करून काढू. मग रोज एक गोळी घ्यायची, हाडांसाठी. संसार होईल. मूल मात्र होणार नाही."

दमयंतीने पिशवी पोटाशी घट्ट धरली. "हे येतं कुठून?" तिने विचारलं.

"आईकडून. आईला स्वतःला त्याची बाधा नसते. तिच्या मुलींत उतरतं, कधी तिच्या बहिणींतही असतं."

राहीने मान वळवून दमयंतीकडे बघितलं. त्या नजरेला दमयंतीने नजर दिली नाही.

एस्टी स्टँडवर त्यांच्या गावाची, मिऱ्याची गाडी लागायला अवकाश होता. दोघी बाकावर बसल्या. ऊन उतरून पायांवर आलं.

"सावर्ड्याला चिठ्ठी टाक," राही म्हणाली. "लग्न मोडलं म्हणून."

"संसार होईल म्हणाल्या बाई."

"पोर नाय व्हायचं. ते लपवून जाऊ मी? तिथंसुद्धा महिन्याच्या महिन्याला तरट घेऊन बसू?"

"धाकूला सांगून बघू. तो ऐकेल कदाचित. तुझा बाप समजूतदार आहे, तो बोलेल त्याच्याशी. बोटीवरून आला की..."

"आप्पा काय बोलणार? त्याची बायको पोरवाली आहे." राहीचा आवाज बारीक झाला. "तुझ्याकडूनच आलं ना हे? आणि तू सुटलीस. तुला काय कळणार आये? रात्री माझ्या डोक्यावरनं हात फिरवताना तुला वाटतं तसं मला कधी वाटायचं नाय."

गाडी लागली. माणसं टोपल्या घेऊन चढू लागली. कंडक्टरने घंटी दोनदा वाजवली.

"चल, बाय माझी."

"तू जा. मी नाय येत. घरात असून करू काय मी?"

"असं बोलू नये. अशा बायका असतात. जगतात, संसार करतात."

"कोण जगतं? एक नाव सांग मला, आये. एका तरी बाईचं नाव सांग."

गाडी सुटली. मागे धूळ राहिली. दमयंतीने वीस वर्षं एकच गोष्ट जपली होती, आणि आता ती जपत बसलं तर पोर हातची जाणार, हे तिला समोर दिसत होतं. तिने राहीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"माझं नाव घे," ती म्हणाली. "तुला काशीने जन्म दिला, राही. मला पाळी कधी आलीच नाय."