वेगळे काढलेले रुमाल

मेतोदीच्या ताटाजवळचा कागदी रुमाल नेद्याल्काने आजही वेगळा काढला. स्वतःचा रुमाल, अंड्यांचा पुठ्ठा, टॉयलेट पेपरची नळी आणि कालचं वर्तमानपत्र, सगळं बारीक फाडून तिने बादलीत टाकलं. नवऱ्याचा रुमाल मात्र दोन बोटांत धरून चुलीत घातला.

मेतोदीने ते पाहिलं आणि सूपचा वाडगा बाजूला सारला.

"पोट दुखतंय?"

"भूक नाही."

"मग ते आंबवलेल्या कोबीचं पाणी तरी सोड. रोज सकाळी मगभर ढोसतोस. मी सांगून सांगून दमले."

"माझा बाप जन्मभर प्यायला."

"तुझ्या बापाच्या पोटात अशी आग नव्हती."

ती बादली घेऊन तळघरात गेली. तिथे तिच्या लाकडी पेट्या होत्या आणि पेट्यांत गांडुळं. आठ वर्षं इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करून ती बल्गेरियात परतली, तेव्हा शेजारणींना वाटलं होतं की बाई सुगंधी साबण आणेल, बूट आणेल. बाईने आणली ओल्या कागदात गुंडाळलेली डबाभर गांडुळं. गांडुळं घरातला कागद खात आणि त्याची काळीभोर माती करत. नवऱ्यापेक्षा त्या किड्यांशी ती जास्त बोलते, असं मेतोदी गुत्त्यात सांगे, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

गुत्त्यातच त्याच्या पिण्यातल्या सोबत्याने, स्तामातने, काडी टाकली.

"मेतोद्या, तिकडे तिने सांभाळलेला म्हातारा गेला. मग म्हातारीही गेली. आता ती तुला सांभाळते म्हणे."

सगळे हसले. मेतोदीही हसला. घरी येताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की पोटातली आग ती परतल्यापासूनच भडकली आहे. पानगळीत ती आली, त्याच आठवड्यात त्याने कोबीचं नवं पिंप भरलं होतं, नेहमीसारखं सैल हाताने मीठ घालून. तोवर तो ठणठणीत होता.

आणि तो रुमाल. त्याच्या ताटात असं काय होतं, जे गांडुळांच्याही तोंडी लागू नये?

तेव्हापासून तो स्वतः कापलेला पाव आणि चीज खाऊ लागला. चव बघण्याआधी मीठ मारायची सवय तेवढी तशीच राहिली. कोबीचं पाणीही सुटेना. रोज सकाळी नेद्याल्का तळघरातल्या पिंपातून मग भरून आणी, समोर ठेवी आणि म्हणे, "कमी पी." मेतोदीला त्यातही डाव दिसला. आज बजावून ठेवायचं, म्हणजे उद्या गावाला सांगता येईल, मी तर सांगतच होते.

शनिवारी ती बाजाराला गेली. टेबलावर कोबीच्या पाण्याने भरलेला मग होता. मेतोदी तो घेऊन तळघरात उतरला आणि त्याने कोपऱ्यातल्या पेटीचं झाकण उघडलं. ओल्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत लालसर गांडुळं सुखाने पहुडली होती. त्याने अख्खा मग त्यांच्यावर रिता केला, झाकण लावलं आणि वर आला.

रविवारी ती चर्चला गेल्यावर त्याने पुन्हा झाकण उघडलं. वरची सगळी गांडुळं सुरकुतून पडली होती. काही पळायला म्हणून भिंतीवर चढली होती आणि तिथेच वाळली होती.

मेतोदी पायरीवर बसला. त्याला भीती वाटली, संताप आला आणि रडूही आलं. आठ वर्षं या बाईची वाट पाहत त्याने एकट्याने जेवणं केली होती. आता पोलिसाकडे जाऊन सांगणार काय? गांडुळं मेली म्हणून? स्तामातला वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला असता. आणि तोवर ती गप्प थोडीच बसणार होती!

पेट्यांच्या वरच्या फळीवर उंदरांच्या औषधाचा डबा होता. ते कोपऱ्याकोपऱ्यांत टाक म्हणून नेद्याल्का कधीची मागे लागली होती आणि मेतोदी उद्या-उद्या करत होता. आज त्याने डबा खाली काढला.

ती परतली तेव्हा टेबलावर लिंडनच्या फुलांचा चहा वाफाळत होता, भरपूर मध घातलेला.

"तू चहा केलास?" ती दारातच थबकली. "कुणी गेलं की काय गावात?"

"थंडी आहे. पी."

तिने डोक्याचा रुमाल सोडला. तिचे डोळे भरून आले होते. "तिकडे रोज वाटायचं रे, घरी गेल्यावर कुणीतरी हातात आयता चहा द्यावा."

मेतोदी खिडकीबाहेर बघत राहिला.

"थांब, पेट्यांना खायला घालून येते," म्हणत ती कप घेऊनच खाली गेली. बराच वेळ तिची चाहूल लागली नाही. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. एका हातात पिऊन रिकामा केलेला कप होता, दुसऱ्या हातात कोपऱ्यातल्या पेटीतला पुठ्ठा.

"उंदरांचं औषध टाकलंस एकदाचं. डबा रिकामा दिसला."

"हो."

"बरं केलंस." तिने कप धुवायला ठेवला आणि पुठ्ठा त्याच्यासमोर आणून ठेवला. "पण हे बघ. सगळी मेली."

मेतोदीने टेबलाची कड घट्ट धरली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "कशाने मेली, ते तूच सांग."

नेद्याल्काने पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"मिठाने," ती म्हणाली. "पेटीत कोबीचं पाणी ओतलंस ना? मिठाने तडफडून मरतात रे ही. तुझ्या ताटात नुसतं मीठच मीठ असतं, म्हणून तर तुझा साधा रुमालसुद्धा मी यांना कधी घातला नाही."