मेव्हणा संपादक

‘तुरुंगाला भिऊ नका,’ असे जळजळीत अग्रलेख ते लिहायचे. पेपरात संपादक म्हणून नाव मात्र घरी आयतं खाणाऱ्या मेव्हण्याचं छापायचे. सरकारने खटला भरला की मेव्हणा तुरुंगात. असा तो तीनदा जाऊन आला.

देश स्वतंत्र झाला आणि तुरुंगवास भोगलेल्या संपादकांचा सत्कार ठरला. यादीत मेव्हण्याचं नाव वाचून ते तरातरा कचेरीत गेले.

“अहो, त्याला धड पत्र लिहिता येत नाही. पेपरातली ओळन् ओळ माझी आहे.”

कारकुनाने जुन्या खटल्याच्या फायलीतून त्यांच्याच सहीचा जबाब काढून वाचला : ‘या पेपरशी माझा काडीचाही संबंध नाही. जे काही लिहितो, ते माझा मेव्हणा.’

मग त्याने विचारलं, “ही ओळही तुमचीच ना?”