नायकाची पाठ

सिनेमातल्या नवरा-बायकोच्या समेटाचा प्रसंग तेवढा शूट व्हायचा राहिला होता, आणि नेमकं त्याच दिवशी नायक-नायिकेचं कडाक्याचं भांडण झालं. एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत! दिग्दर्शक म्हणाला, "नका बघू. कॅमेऱ्याला काय कळतंय?"

नायिकेच्या शॉटला त्याने सेटवरचे दिवे सांभाळणाऱ्या लाइटदादाच्या अंगात नायकाचा कोट चढवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून त्याला तिच्यासमोर उभा केला. नायकाच्या शॉटला त्याच लाइटदादाच्या डोक्यावर नायिकेचा केसांचा टोप. दोघंही आपापल्या पाळीला त्याच्या झुपकेदार मिशांकडे बघत ढसाढसा रडली.

सिनेमा धो धो चालला. 'डोळ्यांत डोळे घालून बोलणारी जोडी' असं पेपरात छापून आलं. लाइटदादा बायकोला घेऊन थिएटरात गेला. तो प्रसंग लागल्यावर छाती फुगवून कुजबुजला, "अगं, यात मीपण आहे. ओळख बघू कुठे!"

 

"ती पाठ ना?" पडद्यावरची नजर न हलवता बायको म्हणाली. "बावीस वर्षं तिच्याशीच तर बोलतेय मी."