गल्ल्याची खुर्ची
मूर्तिजापूरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बेबी मागच्या मोरीवर बशा घासायची. म्हातारी व्हायला आली, तरी तिला गिऱ्हाइकांसमोर कोणी येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी मालक, दादाराव, स्वतः मोरीपाशी आला. "बेबे, हात धुय. आजपासून गल्ल्यावर तू बसत जाय. तुह्याएवढं भरवशाचं माणूस नाही माह्यापाशी." त्यानं खुर्चीवरची गादीसुद्धा झटकून दिली. खोचलेला पदर सोडून, खांद्यावरून नीट घेऊन बेबी अवघडत बसली. दादाराव आलूबोंड्यांची बशी घेऊन समोरच्या टेबलावर बसला. आपल्याला शिकवायलाच बसला असेल, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं अन्न खात्याचे साहेब आले, सोबत पोलीस. साहेब सरळ भटारखान्यात गेले आणि बेसनाचा डबा घेऊन बाहेर आले. बेसनात उंदराच्या लेंड्या होत्या. "काल इथं खाऊन सहा जण दवाखान्यात गेले. त्यातलं एक लेकरू आज पहाटे वारलं," साहेब म्हणाले. "हॉटेल कोणाचं?" रोजची गिऱ्हाइकं आपापल्या बशीत पाहत राहिली. साहेबांनी जवळ बसलेल्या दादारावालाच विचारलं. "आमी तं गिऱ्हाईक आहो, साहेब. मालकीणबाई त्या काय, गल्ल्यावर बसल्या." बेबी खुर्चीवरून उठायला गेली. हवालदार तिच्याकडं वळला. दादारावानं गल्ल्यापाशी येऊन तिच्यापुढं पैसे ठेवले आणि हात जोडले. "येतो बाई. बोंडे झकास होते." टेबलावरच्या त्याच्या बशीतल्या एकाही बोंड्याला त्यानं बोट लावलेलं नव्हतं.