बाबांचं मत

दार उघडणाऱ्या लोरेनबाईंनी यामिनीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू ती व्हिडिओतली मुलगी ना?"

यामिनीनं पुढे केलेलं पत्रक तसंच तिच्या हातात राहिलं. लायब्ररी बोर्डाच्या निवडणुकीला ती उभी होती आणि शॉमबर्ग या अमेरिकी उपनगरातल्या त्या गल्लीत दारोदार फिरत होती. एक पाऊल मागे तिचे बाबा, गुरुनाथ सबनीस, कानटोपी घालून उभे होते. "तुझे विचार मला पटोत न पटोत, अनोळखी दारांवर तू एकटी जायचं नाहीस," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. गाडीही तेच चालवत होते.

घरात टीव्ही मोठ्यानं लागला होता. दोन माणसं एकाच वेळी ओरडत होती.

"'आई-वडिलांचं ऐकायची गरज नाही.' त्या सभेत तूच म्हणालीस," लोरेनबाई म्हणाल्या. "मला तो व्हिडिओ बहिणीनं पाठवला, चर्चमधल्या मैत्रिणीनं पाठवला. कुणी कुणी पाठवला, विचारू नकोस."

"तो कट केलेला आहे. त्याच्या पुढे मी..."

"सगळे असंच म्हणतात." त्या दार लावू लागल्या.

"एक मिनिट," गुरुनाथ आपल्या सावकाश, नागपुरी वळणाच्या इंग्रजीत म्हणाले. "त्या सभेला मी होतो."

"तुम्ही कोण?"

"हिचा बाप."

"मग तुम्ही हिचीच बाजू घेणार."

"नाही. मी हिच्या विरोधात बोलायला गेलो होतो."

दार अर्ध्यावर थांबलं.

"बाबा, प्लीज," यामिनी मराठीत पुटपुटली. "आत्ता नको ना."

पण गुरुनाथ सुरू झाले होते. "लायब्ररीतली काही पुस्तकं मुलांना आई-वडिलांना विचारूनच द्यावीत, असं माझं मत आहे. हिचं म्हणणं, पुस्तक शेल्फवर राहू दे, आपल्या मुलानं काय वाचायचं ते ज्यानं त्यानं आपल्या घरी ठरवावं. मी माइकवर गेलो. वेळ संपल्याची बेल वाजली तरी बोलत राहिलो. संयोजक मला खाली बसवत होते, तेव्हा हीच म्हणाली, त्यांना पूर्ण करू द्या."

"आणि मग?"

"मग ही म्हणाली, 'आई-वडिलांचं ऐकायची गरज नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. हे समोर उभे आहेत ते माझेच बाबा. मी त्यांचं रोज ऐकते, आणि मग माझं मी ठरवते.' त्यातलं सुरुवातीचं तेवढं कापून कुणीतरी गावभर फिरवलं." त्यांनी कानटोपी नीट केली. "माझं एवढं चांगलं भाषणही कापलं."

लोरेनबाईंनी हातातल्या रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला. आतली माणसं नुसती तोंडं हलवत राहिली.

"घरी गेल्यावर काय झालं?"

"गाडीतच पुन्हा भांडलो. घरी जेवतानाही भांडलो."

"आईनं हेडफोन्स घातले होते," यामिनीला हसू आलं. "शी डिड नॉट मिस मच."

लोरेनबाई हसल्या नाहीत. "तुमचं मला पटतं," त्या गुरुनाथांना म्हणाल्या. "मुलांच्या हातात काहीही पडू नये."

"तेच तर मी म्हणतोय," गुरुनाथ खूश होऊन म्हणाले.

यामिनीनं पत्रकाची घडी घातली. हे मत गेलं, आणि तेही बाबांनीच घालवलं.

"तुम्ही स्वतः मत कुणाला देणार?" लोरेनबाईंनी विचारलं.

यामिनी अंगणातल्या उरल्यासुरल्या बर्फाकडे बघत राहिली. घरात तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"दुसऱ्या उमेदवार आहेत ना, त्यांना," गुरुनाथ म्हणाले.

 लोरेनबाई हसायला लागल्या ते दाराची चौकट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसणं ओसरल्यावर त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"ॲरिझोनात माझा मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "तो फोनवर त्याच्या न्यूज चॅनेलचं बोलायचा, मी माझ्या चॅनेलचं. शेवटी बोलणंच बंद झालं; फोन आधी कुणी ठेवला तेही आता आठवत नाही." त्यांनी यामिनीकडे पाहिलं. "अंगणात लावायची ती तुझ्या प्रचाराची पाटी असेल ना गाडीत? लाव इथं."

"पण तुम्हाला बाबांचं पटतंय."

"पटतंच. मी प्रत्येक मीटिंगला येईन आणि बेल वाजली तरी बोलेन. चालेल?"

"या ना," यामिनी म्हणाली. "प्लीज या."

जमीन अजून गोठलेली होती. पाटीच्या पायांच्या तारा मातीत शिरेनात. यामिनीनं दोनदा जोर लावला, तार वाकली. तेव्हा गुरुनाथ गुडघ्यावर बसले. पँट भिजली. त्यांनी दोन्ही हातांनी पाटी आत दाबली, मग फुटपाथपर्यंत मागे जाऊन पाहिलं, पुन्हा आले आणि एका बाजूला कललेलं लेकीचं नाव सरळ केलं.

यामिनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाबा, ही पाटी बघून अजून चार लोक मला व्होट करतील. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय की," गुरुनाथांनी हाताची माती झटकली आणि गाडीची किल्ली काढली. "पुढचं घर कुठलं?"