बिनआवाजाची गाडी

“उंच कर, चाकं रुंद घाल, पण आवाज नको,” बाळासो म्हणाला, आणि जोतीराम मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली.

मलकापुरातल्या त्याच्या गॅरेजसमोर टेम्पोतून उतरवलेली गोल्फची गाडी उभी होती. बुटकी, बॅटरीवर चालणारी, साहेबलोकांनी हिरवळीवर मिरवायची. बाळासोनं ती पुण्याच्या कुठल्याशा लिलावातून उचलली होती. आणि हा बाबा कोण, तर म्हसवडकडचा साठीचा गडी. खांद्यावर घोंगडं, पायात टायरची चप्पल. ह्याला गोल्फ खेळायचंय होय!

“कुठं चालवणार पाव्हणं?”

“माळावर.”

“कुठल्या माळावर?”

“हाय एक.”

पुढं तोंडाला कुलूप. जोतीराम अजून काही विचारायला गेला की म्हातारा इकडंतिकडं बघायचा, कुणी ऐकतंय का म्हणून.

जोतीरामला चौऱ्याण्णव सालची जीप आठवली. असाच एक गोडबोल्या ती उंच करून घेऊन गेला आणि महिन्याभरात चोरीच्या चंदनासकट सापडला. जीप कुणी केली म्हणून पोलिसांनी जोतीरामला दोन दिवस चौकीत बसवलं. सुटला खरा, पण तीन वर्षं झाली तरी गल्लीत कुणीतरी अजून ‘चंदनवाला’ म्हणायचं. पुन्हा तसं झालं तर गॅरेजला टाळंच. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. जोतीराम तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला होता.

त्यानं खोल नक्षीचे टायर पुढं केले. “हे घ्या. दगडधोंड्यात लय धरून चालत्यात.”

बाळासोनं रबरावर नख मारलं. “ह्यो वरडतोय. गुळगुळीत बघ. रुंद घाल आन् हवा कमी ठीव. रुतायचा न्हाई आन् वाजायचा बी न्हाई.”

म्हातारा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. टायर मोठा घातला की मडगार्डला घासतो, म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी वीतभर उचलायची, हेही त्याला ठाऊक होतं. फक्त डावीकडची पायरी आहे तेवढीच खाली राहू दे म्हणाला. गाडी वर, पायरी खाली! म्हणजे काहीतरी जड चढवायचंय, जोतीरामनं ताडलं.

“वजन किती बसणार?”

म्हातारा घुटमळला. “चाळीस किलो. दिवाळीला पन्नास व्हतं. उतरत चाललंय.”

झालं! ओलं लाकूड वाळलं की वजन उतरतं, हे चौकीतल्या त्या दोन दिवसांत जोतीरामला पुरतं कळलं होतं.

नाही म्हणावं, तर म्हातारा दुसरीकडं काम करून घेणार. पोलिसांत जावं, तर ते आधी जोतीरामलाच बसवणार. मग जोतीरामनं आपलंच डोकं चालवलं. गुळगुळीत टायर कुठंच मिळत नाहीत अशी थाप मारून त्यानं खोल नक्षीचे कडक टायर चढवले. टणक हवा भरली. ठोकळे मुद्दाम बोटभर कमी उंचीचे घातले, म्हणजे नक्षी मडगार्डला सारखी घासत राहील. ने म्हणावं आता चंदन, दोन मैलांवरनं ऐकू येशील! आठवड्यानं बाळासो आला तेव्हा जोतीरामनं गाडी चालू न करताच टेम्पोत ढकलून चढवली आणि वर म्हणाला, “मी बी येतो. माळावर चालवून बघितल्याबिगर माझं काम पुरं होत न्हाई.” चोराचा अड्डा त्याला डोळ्यांनी बघायचा होता.

बाळासोनं नाइलाजानं मान हलवली. वाटेत तो सारखा मागं वळून बघत होता. जोतीरामही बघत होता.

म्हसवड मागं टाकून टेम्पो कच्च्या रस्त्यानं एका उघड्या माळावर थांबला. तिथं चंदन नव्हतं. दोनशे मेंढरं होती, एक घोडं होतं, आणि दगडाला टेकून बसलेली काडीसारखी म्हातारी होती.

“आमची हरणाबाई,” बाळासो म्हणाला. “राग मानू नकोस मिस्त्री. मेंढरं कुठं बसल्यात हे आमी परक्याला सांगत न्हाई. चोर मागं लागत्यात. तू बी लय खोदून इचारत व्हतास, मला वाटलं त्यातलाच.”

जोतीरामला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

“जल्म गेला हिचा मेंढरांमागं. दिवाळीत पाय गेलं, तवापास्नं अन्नावरची वासनाच उडाली. म्हनली, एकडाव मेंढरांतनं फिरीव, मग जेवीन.”

खालच्या पायरीवरून बाळासोनं तिला अलगद चढवलं. गाडी निघाली. घर्रर्र करून नक्षी मडगार्डला घासायला लागली. बाळासोनं चमकून जोतीरामकडं पाहिलं. जोतीरामनं मान खाली घातली आणि गाडीबरोबर चालू लागला. पण मेंढरं काही बुजली नाहीत. गळ्यातल्या घंटा हलवत ती गाडीच्या दोन्ही अंगांनी चालू लागली, इतकी जवळ की गाडीच्या पत्र्याला त्यांची लोकर लागत होती. चला, निभावलं, असं वाटून जोतीरामचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा होता. त्या घर्रर्र आवाजात हरणाबाईनं कान टवकारले, मान इकडं वळवली, तिकडं वळवली, आणि नवऱ्याच्या दंडाला धरून रडवेली होत म्हणाली, “आवं, फसवताय व्हय मला? हितं एक बी मेंढरू न्हाई.”