लाल पाणी

वरच्या मजल्यावरच्या काकांचं दोन वर्षं एकच पालुपद, "आमच्या बाथरूममधून थेंबभरही गळत नाही!" इकडे खाली आमच्या कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली. शेवटी प्लंबरने युक्ती काढली. काकांच्या बाथरूममध्ये लाल रंगाचं पाणी तुंबवून ठेवायचं. तेच आमच्या छतातून उतरलं, तर गळती काकांकडचीच. "उगाच कुणाची लबाडी नको," म्हणत काकांनी रंग स्वतःच्या हाताने कालवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या छतातून लालभडक पाणी टपकायला लागलं. मी काकांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावून छत नीट निरखलं आणि आपलं लाल झालेलं बोट माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "बघा, सांगत नव्हतो? आमच्या नळाला असलं पाणी येतच नाही!"